मदत हवी आहे: मेंदूतल्या जुन्या कॅव्हर्नोमात किडनीचा कॅन्सर पसरू शकतो का?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याच्या मेंदूत उजवीकडे कॅव्हर्नोमा आहे, म्हणजे पातळ भिंतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा पुंजका. डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये तो फार पूर्वीच दिसला होता. त्रास नव्हता, म्हणून कुणी हात लावला नाही. २०२२ मध्ये कॅन्सरमुळे तिची डावी किडनी काढली. आता अचानक फिट आली. नव्या एमआरआयमध्ये तीच गाठ मोठी दिसते, भोवती बरीच सूज आहे.

न्यूरोसर्जन म्हणतात, कॅव्हर्नोमातच रक्तस्राव झालाय, काही आठवडे थांबून परत स्कॅन करू. कॅन्सरच्या डॉक्टरांना संशय आहे की कॅन्सर त्या पुंजक्यातच जाऊन बसलाय. असं फार विरळा घडतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण किडनीच्या कॅन्सरच्या मेंदूतल्या गाठींतूनही सहज रक्तस्राव होतो, मग नुसतं रक्त दिसलं यावरून काय ठरवायचं? पेट स्कॅनचं (साखरेसारखं द्रव्य टोचून, ते जास्त शोषणाऱ्या गाठी शोधतात ते) विचारलं, तर मेंदू मुळातच साखर भरपूर वापरतो, त्यामुळे तिथली गाठ त्यात झाकली जाऊ शकते म्हणाले.

आत्या म्हणते, "तुमचं एकमत झालं की मला उठवा."

थांबावं, की ऑपरेशन करून तुकडा तपासायचा आग्रह धरावा? निदान नक्की नसताना गॅमा नाइफ, म्हणजे गाठीवर नेमके किरण मारायचा उपचार, घेणं मला तरी पटत नाही.

प्रतिसाद १
जुन्या एमआरआयची सीडी शोधा, नुसता रिपोर्ट नको. दोन्ही स्कॅन एकाच रेडिओलॉजिस्टने शेजारी ठेवून बघायला हवेत. कॅव्हर्नोमाभोवती जुन्या रक्तातल्या लोहाची काळी कड सहसा सलग असते, कॅन्सरच्या गाठीत ती बऱ्याचदा तुटक असते. साध्या रक्तस्रावाची सूज हळूहळू उतरते. ती वाढतच गेली तर संशय बळावतो. तरी खात्रीचं उत्तर पॅथॉलॉजीतूनच, म्हणजे तुकडा तपासूनच मिळतं. दोन्ही डॉक्टरांना केस ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात ती बैठक) ठेवायला सांगा, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

प्रतिसाद २
फिटची गोळी चुकवू नका. उलट्या, झापड, हातापायात अशक्तपणा किंवा पुन्हा फिट, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती
आभार. सीडी चुलतभावाकडे नाशिकला आहे, उद्या मागवते. सूज कमी करायला स्टेरॉइड चालू आहे. त्यामुळे सूज उतरली तर ती औषधाने की आपोआप, हे कसं कळणार?