सेल्फ-कंट्रोलला घरच्या मराठीत काय म्हणता?

वळचण
बालवाडीच्या पालकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. विषय आहे लहान मुलांमधलं सेल्फ-कंट्रोल. मी सगळीकडे 'आत्मसंयम' लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या अंगणवाडीच्या ताई हसायलाच लागल्या. "अहो, चार वर्षांच्या पोराला कसला संयम? तो शब्द आम्ही दोन मुलांतल्या अंतराच्या बैठकीत वापरतो." 'स्वनियंत्रण' म्हटलं तर ते त्यांना पाण्याच्या मोटरसारखं वाटलं. प्रसंग साधा आहे. मुलासमोर बिस्कीट ठेवलंय, 'मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन देईन' असं सांगून मोठं माणूस बाहेर गेलंय, आणि मूल खात नाही. ते जे करतंय त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

व्युत्पन्न
मनोनिग्रह. गीतेत कृष्णाने मनाला 'दुर्निग्रह' म्हटलंय तेव्हापासून शब्द तयार आहे. संयमही उत्तमच. यम, नियम, संयम हे सगळे 'यम्' धातूचे, अर्थ आवरून धरणे. सरकारी पत्रकांनी संयमाचा संकोच केला म्हणून आपण तो का टाकायचा?

तिरफळ
सरकारी पत्रकं कशाला, वाद त्याच्याही आधीचा आहे. र. धों. कर्व्यांचं 'संततिनियमन' हे पुस्तक १९२३चं आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७पासूनचं. त्याच काळात गांधीजींचं म्हणणं, गर्भनिरोधक साधनं नकोत, संयम पाळा. गंमत बघा, नियमन आणि संयम दोन्ही त्याच 'यम्'चे. म्हणजे ताईंच्या कानाला जे ऐकू येतं त्याला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यांचं ऐका.

पंचगंगा
आमच्यात सरळ 'दम धर' म्हणतात. 'जरा दम काढ', 'दमानं घे'. चुलीवरनं पहिली पोळी उतरली की आम्ही भावंडं हात घालायचो आणि आजी उलथनं दाखवून म्हणायची, दम धरा की रं. मनोनिग्रह म्हणाली असती तर आम्ही तिला डॉक्टरकडं नेलं असतं.

नागपुरी_तर्री
आमच्याकडे उलट्या बाजूनं. 'दम नाही निघत का बे तुले?' चांगल्या वागण्याला शब्द नाही, वाईट वागण्यालाच आहे.

व्युत्पन्न
'दम' तर थेट उपनिषदातला. बृहदारण्यकात प्रजापती नुसतं 'द' म्हणतो. देव त्यातून 'दाम्यत' ऐकतात, म्हणजे स्वतःला आवरा. माणसं ऐकतात 'दत्त', असुर 'दयध्वम्'. शम-दम ही जोडी तिथलीच. पंचगंगांच्या आजी नकळत वेदान्त सांगत होत्या.

तिरफळ
आजींना वेदान्तात ओढू नका. तो दम वेगळा, हा वेगळा. दम लागतो, दम खातो, चिलमीचा दम मारतो, दमानं चालतो, यातला प्रत्येक दम श्वास आहे आणि तो फारसीतून आलाय. 'दम धर' म्हणजे श्वास धरून थांब. शेवटी अर्थ जुळतो म्हणून मूळ एक होत नाही.

पंचगंगा
मग मास्तर दम देतात तो कुठला? उपनिषदातला का इराणातला?

व्युत्पन्न
दमन! 'दम देणे' संस्कृतच. इतकं तरी मान्य करा.

तिरफळ
नाही करत.

दूरदेशी
वळचण, तुमचा बिस्किटाचा प्रसंग मूळचा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. स्टॅनफर्डच्या बालवाडीत साठच्या दशकाअखेरीस त्यांनी हे प्रयोग सुरू केले. पण पुस्तिकेत तेवढंच असेल तर अर्धी गोष्ट आहे. पुढे कॅमेरूनमधल्या न्सो शेतकऱ्यांची आणि जर्मनीतली चार वर्षांची मुलं घेऊन तसाच प्रयोग झाला. दहा मिनिटं थांबायचं होतं. न्सो मुलांपैकी जवळजवळ ७० टक्के थांबली, काही तर चक्क झोपून गेली. जर्मन मुलं ३० टक्क्यांच्या आसपास. न्सो घरांत मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, हट्टाचं कौतुक नाही.
२०२२मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांचा अभ्यास आला, तो मला जास्त आवडतो. खाऊ समोर असला की जपानी मुलं जास्त वेळ थांबली. कागदात बांधलेली भेटवस्तू ठेवली की अमेरिकी मुलं जास्त थांबली. जपानात सगळ्यांची ताटं येईपर्यंत खायचं नाही, आणि अमेरिकेत नाताळची खोकी झाडाखाली पडून असतात, त्यांना हात लावायचा नाही. ज्याची सवय लावली तेवढंच येतं. मुलाच्या अंगात 'संयम' नावाची एकच टाकी भरलेली नसते.

वळचण
म्हणजे आपल्याकडची मुलं खाऊला थांबतील! नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाकडे नुसतं बघायचं. पंगतीत वाढप पूर्ण होऊन 'हर हर महादेव' होईपर्यंत भाताला बोट लावायचं नाही. आम्हाला तेव्हा कोणी संयम शिकवतंय असं वाटलंच नव्हतं.

नागपुरी_तर्री
आणि भेटवस्तूचा कागद आपण दारातच टराटरा फाडतो. नाही, चुकलो, आई फाडू देत नाही. पाहुणे गेल्यावर. कागद घडी करून गादीखाली.

तिरफळ
पण हा संयम आहे का? पाहुण्यांसमोर दुसरा लाडू न घेणं म्हणजे भीड. वडील जेवल्याशिवाय न बसणं म्हणजे मर्यादा. समोर कोणी नसताना डब्याला हात लावला नाही तरच मी ताबा म्हणेन. आमच्या घरात मर्यादा बायकांनी पाळायची आणि ताबा सुटला की ते पुरुषांचं, 'त्याचा स्वभावच तापट' म्हणून सोडून द्यायचं. शब्द निवडताना हेही बघा.

दूरदेशी
मुद्दा बरोबर, पण भीड आणि ताबा इतके वेगळे काढता येतील असं वाटत नाही. न्सो मुलांच्या समोरही त्या दहा मिनिटांत कोणी नव्हतं.

व्युत्पन्न
'ताबा' अरबी-फारसी आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

पंचगंगा
नोंदवा. 'नोंद' कुठनं आली तेही नोंदवा.

उकडीचा_मोदक
वाचत होते. आमच्या सासूबाई 'कळ काढ' म्हणतात. भूक लागली, कळ काढ. बस आली नाही, कळ काढ. कळ म्हणजे दुखणं, म्हणजे थांबायला दुखतं हे त्या शब्दातच कबूल आहे. संयमात ते कुठेच दिसत नाही, तो फार गुळगुळीत शब्द आहे.

वळचण
वा! हा ताईंना आवडेल. पण मुलाचा गुण म्हणून कसा लिहू? 'कळकाढूपणा'?

व्युत्पन्न
ईश्वर रक्षो.

नागपुरी_तर्री
गावसकर १९७५च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून ३६ नाबाद राहिले, ते काय होतं? संयम, कळ, का नुसताच त्रास?

पंचगंगा
ते बघणाऱ्यांनी कळ काढली.

उकडीचा_मोदक
आपला खरा संयम तर पंचांगावर चालतो. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. आणि श्रावण लागायच्या आदल्या रात्री गटारी. एका रात्रीत महिन्याचं खाऊन घ्यायचं.

व्युत्पन्न
गटारी नव्हे हो, 'गताहारी'. गत आहार. शब्द भ्रष्ट करून सण बदनाम केलाय. दीप अमावास्या म्हणावं.

तिरफळ
गताहारी कुठल्या जुन्या कागदात वाचलंत? दिव्याची अवस आमच्याही घरी असते, कणकेचे दिवे करतो. पण गटारी गटारावरूनच, लोक त्यात पडतात म्हणून. शब्द लोकांनी केलाय, तुम्ही त्याला सोवळं नेसवताय.

व्युत्पन्न
'आहारी' रूप 'शाकाहारी'त आहेच. पुरावा आणखी कसला हवा?

पंचगंगा
'शाकाहारी' आणि गटारी एका वाक्यात. दम लागला.

वळचण
पुस्तिका सोमवारी छपाईला द्यायचीय, कोणीतरी एक शब्द सांगा.

नागपुरी_तर्री
चंपाषष्ठीच्या वांग्याचं भरीत करताना कांदा कच्चा घालायचा का परतून?