मदत हवी आहे: मसालेदार व्हिस्की करायला गेलो, दातदुखीचं औषध झालं

नमस्कार मंडळी,

थंडीतल्या संध्याकाळी घोट घोट घेत बसावं असं मसाल्यांचं व्हिस्की कॉकटेल घरी जमवायचंय. दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं.

पहिल्यांदा २५० मिली बर्बनमध्ये (अमेरिकन व्हिस्की) दालचिनीचे दोन तुकडे, दहा-बारा लवंगा, एक चक्रफूल आणि चार ठेचलेले वेलदोडे घालून बरणी चार दिवस ठेवली. जितकं मुरेल तितकं चांगलं, असा आपला समज. पहिल्याच घोटाला जीभ बधिर.

दुसऱ्यांदा पातेल्यात व्हिस्की, पाणी, मध, मसाले आणि जायफळाची पूड एकत्र करून दहा मिनिटं उकळलं. वास सगळ्या घरभर घमघमला, कपात मात्र गोड गरम पाणी उरलं आणि तळाशी गाळ.

मसाला नेमका कशात उतरवायचा, व्हिस्कीत की पाकात? गरम करायचं तर कसं? आणि ती पहिली बरणी वाचेल का? ओतून द्यायला जीव होत नाही.

प्रतिसाद १:
बधिरपणा लवंगेचा. तिच्यातलं युजेनॉल दातांच्या औषधात वापरतात, म्हणजे तुमच्या जिभेनं बरोबर ओळखलं! मसाल्यांतली सुगंधी तेलं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये कितीतरी चांगली विरघळतात. त्यामुळे २५० मिलीला दोनच लवंगा, आणि त्याही तीन-चार तासांत बाहेर. दालचिनी रात्रभर चालेल, पुढे तुरटपणा येऊ लागतो. घड्याळापेक्षा चमच्यावर विश्वास ठेवा, दर दोन तासांनी चाखून बघा. सगळं एकदम घालून एकदम काढायचं, ही खरी चूक.

बरणी अजिबात ओतू नका. एका भागाला चार-पाच भाग साधी बर्बन घालून बघा. तरीही जड वाटली तर छोट्या बाटलीत भरा आणि बिटर्ससारखी (कॉकटेलमध्ये थेंबांनी घालायचा कडवट, मसालेदार अर्क) थेंब-थेंब वापरा. वर्षभर पुरेल.

उकळण्याबद्दल: अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० ला. घरभर घमघमली ती तुमची व्हिस्कीच होती. शिवाय तिची वाफ गॅसच्या ज्योतीशी पेट घेऊ शकते, तेव्हा हा प्रयोग पुन्हा नको. उकळायचं फक्त पाणी.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण मी व्हिस्कीत मसाला घालतच नाही. बिघडली तर अख्खी बाटली जाते. पाक बिघडला तर वाटीभर साखर. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, तीन-चार लवंगा, आल्याच्या चार चकत्या. मंद आचेवर दहा मिनिटं, मग झाकून गार होऊ द्या आणि गाळा. फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो.

गरम हवं असेल तर कप आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, नाहीतर पेय दोन मिनिटांत कोमट होतं. मग ६० मिली व्हिस्की, १५ मिली पाक, अर्ध्या लिंबाचा रस आणि वरून १२० मिली गरम पाणी. झाली हॉट टॉडी. गार हवं असेल तर तीच व्हिस्की, १० मिली पाक, बिटर्सचे दोन शिंतोडे, मोठा बर्फ. यात लिंबू नको, संत्र्याची साल पिळा. सालीचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नका. जायफळ शेवटी वरून किसा, अगदी चिमूटभर. पूड आत गेली की गाळ आलाच.

प्रतिसाद ३:
बर्बन निवडलीत ते बरं केलंत. त्यात किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिला-कॅरॅमलचा गोडवा असतो. दालचिनीशी छान जमतं. राय (राय धान्याची व्हिस्की) घेतलीत तर ती मुळातच तिखटसर, मसाला निम्मा करा. धुरकट स्कॉच मात्र लवंगेपासून लांब ठेवा, दोघी भांडतात. महागडी बाटली यात घालणं मला तरी पटत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार! पाक केला, टॉडी जमली. लिंबू मात्र पावच घातलं, अर्धं मला आंबट झालं. बरणी पातळ करण्याआधी उत्सुकतेपोटी थोडी बर्फावर ओतली, तर बर्फ वितळता वितळता ती दुधाळ झाली. खराब झाली का?

प्रतिसाद १:
नाही हो. चक्रफुलातलं अ‍ॅनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण पाणी वाढलं की सुटं होऊन ढगाळ दिसतं. ग्रीसची ऊझो ही बडीशेपेसारख्या चवीची दारू पाणी घातल्यावर अशीच पांढरी होते. काचेसारखं स्वच्छ हवं असेल तर पुढच्या खेपेला चक्रफूल वगळा. मी तर मुद्दाम ठेवतो.