शेंगा चटणी अन् दही: माल किती भरायचा?

सातरस्तेकर
सोलापुरात सात रस्त्याजवळ छोटं दुकान आहे. शेंगा चटणी अक्कलकोटहून येते. टेम्पोची फेरी 200 रुपये, किलो 300 ला पडते, रोज 2 किलो खपते. भाच्यानं कॉलेजातलं ईओक्यूचं (एका खेपेला किती मागवलं की खर्च सगळ्यात कमी, त्याचं) सूत्र लावलं, म्हणाला 52 किलो मागव. एवढी भरली की शेवटची पाकिटं खवट निघतात ओ. सूत्र चुकतंय का भाचा? दह्याच्या वाट्याही ठेवतो, त्याही उरतात.

यार्डातला हिशेबनीस
भाचा बरोबर आहे, सूत्र अपुरं आहे. हॅरिसचं 1913 चं ते सूत्र माल नासतच नाही असं धरून चालतं. भाच्यानं माल ठेवण्याचा खर्च, अडकलेला पैसा आणि जागा मिळून, किलोला रोज 30 पैसे धरलेला दिसतो. शिलकेतल्या हजार किलोमागे रोज 3 किलो बाद होतात असं समजा, म्हणजे किलोमागे आणखी 90 पैसे. खर्च चौपट झाला, सूत्रात वर्गमूळ असल्यानं खेप निम्मी: 26 किलो. घारे आणि श्रेडर यांनी 1963 मध्ये नासाडी शिलकेच्या प्रमाणात धरली, त्याचंच हे ढोबळ रूप.

पण चटणी अशी रोज थोडी थोडी नासत नाही. आधी ठणठणीत, मग तेल खवट व्हायला लागलं की अख्खी खेप जाते. नासण्याचा दर असा दिवसागणिक वाढतो तेव्हा कव्हर्ट-फिलिप यांचं 1973 चं, वायबुल नावाच्या संभाव्यता-वितरणावरचं मॉडेल जवळचं. तुम्ही पाकिटावर तारीख टाका, वास कधी बदलला ते वहीत लिहा. मे महिन्याचं वेगळं, थंडीचं वेगळं.

दह्याला यातलं काहीच लागू नाही, ते पेपरवाल्याचं गणित: आज उरलं ते उद्या त्या भावात जात नाही. वाटी 30 ला घेऊन 40 ला विकता, उरलेली ताकाला 10 ला जाते असं धरू. कमी पडली तर 10 बुडतात, उरली तर 20. बुडणारे दहा भागिले दोन्हींची बेरीज तीस, म्हणजे एक तृतीयांश. तीन दिवसांतून एकदाच सगळ्यांना पुरेल एवढंच भरा, बाकी दिवस “संपलं” म्हणायचं.

कडकभाकरी
चटणी गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका. आमच्याकडं बायका हात घालून मागचं ताजं पाकीट ओढतात, जुनं तिथंच राहतं. मी आता काउंटरमागून देते.

सातरस्तेकर
“संपलं” म्हटलं की गिऱ्हाईक शेजारी जातंय, परत येत नाही. ते कुठं धरायचं?

यार्डातला हिशेबनीस
त्या 10 मध्येच मिळवा की. गेलेल्या गिऱ्हाइकाचे आणखी 10 धरले तर 20 भागिले 40, म्हणजे दोन दिवसांतून एकदा सगळ्यांना पुरेल एवढं.