आई-बाबांसकट एकच फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) हेल्थ इन्शुरन्स पॉलिसी घ्यावी की वेगवेगळ्या?

पाऊलवाट:
मी 38, बायको 35, मुलगी 6 वर्षांची. बाबा 71, आई 64. बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत पण अ‍ॅडमिट कधी व्हावं लागलेलं नाही. आईचे गुडघे दुखतात, बाकी तसं काही नाही. ऑफिसची ग्रुप पॉलिसी 3 लाखांची आहे, त्यात आई-बाबा पण आहेत. आता स्वतःची घ्यायची म्हणून एका एजंटला विचारलं तर तो म्हणतो सगळ्यांची मिळून 10 लाखांची एकच फ्लोटर घ्या, चार ठिकाणी रिन्यू करत बसायची कटकट नाही. वर असंही म्हणाला की बाबांच्या गोळ्यांचं फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढेल, नंतर कोण बघतंय. हे दुसरं मला अजिबात पटलेलं नाही, पण पहिल्याचं काय करू? कोणी नीट समजावून सांगेल का?

निशिगंध:
एकत्र घेऊ नका. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे तुमच्या केसमध्ये 71 वर. तुम्ही तिघं तरुण असून उपयोग काय मग? शिवाय रक्कम सगळ्यांत मिळून एकच, वर्षाच्या सुरुवातीला बाबांचं एक मोठं ऑपरेशन झालं आणि त्यातच बरेचसे पैसे गेले की उरलेलं वर्ष मुलीच्या वाट्याला काय राहतं ते बघा. तुम्हा तिघांची एक फ्लोटर, आणि आई-बाबांची वेगळी, ती सुद्धा शक्यतो दोघांची स्वतंत्र कारण वयात सात वर्षांचं अंतर आहे.

आणि गोळ्यांचं लपवायचं नाही म्हणजे नाही!! डिस्चार्ज समरीवर डॉक्टर पहिल्याच ओळीत लिहितात, डायबेटिस अमुक वर्षांपासून. कंपनी जुनी कागदपत्रं मागवते, आणि मग नुसता क्लेम नाही पॉलिसीच रद्द होऊ शकते, ते पण ऐन हॉस्पिटलात असताना. खरं लिहिलंत तर सहसा वेटिंग पिरियड लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. पूर्वी तो 4 वर्षांपर्यंत असायचा, एप्रिल 2024 पासून विमा नियामक आयआरडीएआयने जास्तीत जास्त 3 वर्षं केलाय. आईच्या गुडघ्यांचंही लिहा. सांधे बदलायच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींमध्ये वेगळा वेटिंग पिरियड असतोच, पण आधी दाखवलेलं असेल तर ते प्रिस्क्रिप्शन फॉर्मसोबत द्या.

खिडकीपलीकडे:
मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला काम करते, रोज बिलं बघते. लोक प्रीमियम बघतात, रक्कम बघतात, रूम रेंटची ओळ कोणीच वाचत नाही, आणि सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. समजा पॉलिसी 5 लाखांची आणि रूमची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. तुम्ही घेतली 10,000 ची रूम. लोकांना वाटतं वरचे 5,000 आपण भरू, बास. तसं नसतं. रूम मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग हे सगळं पण निम्मंच मंजूर होतं. चार दिवसांचं रूमचं 40,000, सर्जन-ओटी वगैरे 1,60,000 आणि औषधं, स्टेंट मिळून 90,000 असं 2,90,000 चं बिल असेल तर औषधं आणि स्टेंट पूर्ण मिळतं पण बाकीच्याचं अर्धं, म्हणजे 1 लाख तुमच्या खिशातून. ग्लोव्हज, मास्क असल्या वस्तू कापतात ते आणखी वेगळं. म्हणून रूम रेंटला मर्यादा नसलेली किंवा निदान सिंगल प्रायव्हेट रूम लिहिलेली पॉलिसी घ्या, थोडा प्रीमियम जास्त गेला तरी चालेल.

ज्येष्ठांच्या पॉलिसीत को-पे पण बघा, 20 टक्के लिहिलं असेल तर प्रत्येक क्लेममधले तेवढे तुमचे. मोतीबिंदूला किती मिळणार तेही वाचा, तिथे बऱ्याचदा वेगळी मर्यादा असते.

पाऊलवाट:
बापरे, हे रूमचं माहीतच नव्हतं. खूप आभार दोघांचे. ऑफिसच्या पॉलिसीतून आई-बाबांना मग काढू का? आणि आम्हा तिघांना 10 लाख पुरतील का?

गणिताचा तास:
काढू नका! ग्रुप पॉलिसीत सहसा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात (एचआरला विचारून खात्री करा), त्यामुळे तुमची नवी पॉलिसी वेटिंग पिरियडमध्ये असेपर्यंत बाबांना खरा आधार तिचाच. फक्त नोकरी सुटली की ती जाते, म्हणून स्वतःची हवीच.

10 लाख बेस (मूळ पॉलिसी) ठीक आहे, त्यावर सुपर टॉप-अप (ठराविक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) घ्या, स्वस्तात कव्हर वाढतं. नुसता टॉप-अप नको. समजा बेस 5 लाख, वरच्या पॉलिसीचं डिडक्टिबल (जिथपर्यंतचा खर्च ती देत नाही ती रक्कम) पण 5 लाख, आणि वर्षात दोनदा 4-4 लाखांचं बिल झालं. टॉप-अप प्रत्येक अ‍ॅडमिशन वेगळं धरतो, एकही बिल 5 च्या वर नाही म्हणून शून्य देणार. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, 8 लाखांतले वरचे 3 देणार.

अजून एक, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी शून्य झालाय, जुन्या कोटेशनमध्ये 18 टक्के धरलेले असतील तर नवीन मागवा.

निशिगंध:
बाबा 70 च्या वर आहेत ना, मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं) लगेच काढा, आधारवर होतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि आधीचे आजार पण पहिल्या दिवसापासून. खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे आणि तिथे कुठले उपचार होतात एवढं मात्र आधीच बघून ठेवा, आणि नवी पॉलिसी हातात आली की फॉर्मची कॉपी उघडून गोळ्यांचं लिहिलंय ना ते स्वतः तपासा. एजंटने परस्पर गाळलेलं असेल तर कंपनीला लेखी कळवा, 30 दिवसांत परत करायची सोय पण आहे.