संसदेत दहशतवादावर बोलणं सुरू झालं की तुम्हाला काय आठवतं? सोलापूरकरांनो, लिहा

पार्कचौक: काल आप्पांनी जुलै 2025 ची लोकसभेतली चर्चा परत लावली होती, ऑपरेशन सिंदूरवरची. 28 तारखेला राजनाथ सिंहांनी सुरुवात केली. आपल्या सोलापूरच्या खासदार प्रणिती शिंदेही बोलल्या (त्यांचा एक शब्द कामकाजातून काढला, तो वाद इथं नको). दुसऱ्या दिवशी अमित शहांनी पहलगामचे तीन अतिरेकी ऑपरेशन महादेवमध्ये मारल्याचं सांगितलं, प्रियांका गांधींनी मृतांची नावं वाचली. दोन्ही बाजूंचे लोक फिरून फिरून 26/11 वर येत होते. मी गवार निवडत ऐकत होते आणि हात थांबला.

26/11 म्हटलं की सगळ्यांना ताज दिसतं. मला अशोक कामटे साहेब दिसतात. सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, मुंबईला बदलून गेल्याला काही महिनेच झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले मामा आमच्या दारात उभे राहून टीव्ही बघत होते, माप तसंच हातात. "आपले साहेब गेले की हो," एवढंच म्हणाले.

तुमच्या राज्यात किती हल्ले, आमच्या राज्यात किती, ही मोजणी संसदेत दर वेळी होते. आपल्याकडे स्फोट झाला नाही म्हणून आपलं नाव त्यात येत नाही. पण आपल्या घराघरात काहीतरी झालंय. तेच इथं लिहा. पक्ष बाजूला ठेवून.

टॉवेलवाला: 26/11 ची रात्र. सोलापूरला यायला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस.
पप्पा मुळजी जेठा मार्केटात माल दाखवून सीएसटीला आलेले. लांबच्या गाड्यांच्या त्या हॉलमध्ये जमिनीवरच बसले होते, नमुन्याच्या टॉवेलांचं गाठोडं मांडीशी. पहिला आवाज फटाक्याचा वाटला म्हणतात. मग शेजारची बाई आडवी झाली. पप्पा गाठोडं सोडून सरपटत खांबाच्या मागं गेले, तिथून बाहेर कसे पडले ते त्यांना अजून सांगता येत नाही. इकडं आम्ही फोन लावतोय, लागत नाही. पहाटे कुणाच्या तरी फोनवरून "मी हाय" एवढं बोलले आणि फोन कट.
58 माणसं गेली त्या स्टेशनात. पप्पा आता संसदेतलं प्रत्येक भाषण पूर्ण ऐकतात. जखमी झालेल्यांचं पुढं काय झालं हे कुणी विचारतंय का, तेवढंच ऐकायला. फार क्वचित कुणी विचारतं.

कडकभाकरी: @टॉवेलवाला वाचून अंगावर काटा आला रे. काकांना नमस्कार सांग.

शेंगाचटणी: माझे वडील कामटे सरांच्या हाताखाली शिपाई होते. बातमी आली तेव्हा रात्रपाळी करून घरी आलेले. बूट काढले नाहीत, तसेच खुर्चीत बसले. आईनं चहा ठेवला, तो गार झाला. थोड्या वेळानं उठून बुटांना पॉलिश केलं आणि परत चौकीला गेले, ड्युटी नसताना. तिथं सगळेच असे आलेले होते म्हणे.

सरांना अशोक चक्र मिळालं 2009 च्या प्रजासत्ताक दिनी. पण त्या रात्री कामा हॉस्पिटलच्या गल्लीत मदत का पोचली नाही हे शोधायला त्यांच्या पत्नी विनीता कामटे यांना माहिती अधिकारात कंट्रोल रूमच्या नोंदी मागाव्या लागल्या. याचा मला आजही राग येतो. सभागृहात शहीद म्हणून हात जोडायचे आणि बायकोनं अर्ज घेऊन फिरायचं, हे बरोबर नाही. पोलिसांची जॅकेटं, गाड्या, वायरलेस यावर किती जण बोलतात? वडील रिटायर झाले, पण हे विचारायचं सोडत नाहीत.

पार्कचौक: @शेंगाचटणी वडिलांनी लिहिलेलं वाचायला आवडेल, त्यांना सांग ना.

शेंगाचटणी: मोबाईलवर टाइप होत नाही त्यांना. संध्याकाळी बसून लिहून घेते.

अशोकचौक: आमच्याकडं अर्धं घर हैदराबादला. 21 फेब्रुवारी 2013, तिथल्या दिलसुखनगरचे बॉम्बस्फोट. अक्का रोज तिथूनच भाजी घेऊन घरी जायची. माग बंद करून मी फोन लावत बसलो, रात्री उशिरा लागला. ती त्या दिवशी एक बस आधी निघाली होती.

गृहमंत्री तेव्हा आपल्याच गावचे, सुशीलकुमार शिंदे साहेब. कोर्टात पट्टेवाला, मग पोलीस फौजदार, मग देशाचे गृहमंत्री, आम्हाला त्याचा अभिमान आहे, आजही आहे. पण ते म्हणाले की हल्ल्याची माहिती आधी मिळाली होती, राज्यांना सावध केलं होतं. अण्णा ते टीव्हीवर ऐकून तेलुगूत मोठ्यांदा बोलले, त्याचा अर्थ असा: सावध केलं होतं तर माझी पोरगी बाजारात कशी? याचं उत्तर मला कुठल्याच पक्षाच्या भाषणात मिळालं नाही. दिल्लीनं राज्याला कळवलं, राज्यानं ठाण्याला कळवलं. पण भाजीवालीला कुणी कळवलं?

विडीघरकुल: अण्णा कसे आहेत आता?

अशोकचौक: वारले. अक्का येते गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, दरवर्षी.

विडीघरकुल: 🙏 संक्रांतीला आली की कळव, आई विचारत असते तिला.

हुरडा_पार्टी: कसाबला फाशी दिली ती पण शिंदे साहेबांच्याच काळात, 21 नोव्हेंबर 2012, येरवड्यात. नव्या पेठेत पेढे वाटले आम्ही. कुकर झालाय, नंतर लिहितो

कडकभाकरी: येरवडा म्हटल्यावर आपले चार हुतात्मे आठवले. 12 जानेवारी 1931, तिथंच फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मार्शल लॉच्या वेळी सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते. विषय वेगळा आहे, माहितीये. पण पोरांना चौकातून नेताना ही चार नावं सलग म्हणून घेते मी.

टॉवेलवाला: हुतात्मा एक्सप्रेसनं दर आठवड्याला जाणारी पोरं पण विचारतात, हुतात्मा म्हणजे कोण. सांग बाई त्यांनाही.

दालवरून_परत: आम्ही 22 एप्रिल 2025 ला श्रीनगरात होतो. दुसऱ्या दिवशी पहलगाम होतं. सासूबाई, दोन लेकरं, मी आणि हे. बातमी आली तेव्हा आम्ही केशर घेत होतो. दुकानदारानंच शटर अर्धं ओढलं, म्हणाला, बहनजी, आधी बच्चों को गाडीत बसवा. ड्रायव्हर रात्रभर हॉटेलच्या खाली गाडीत झोपला. 23 ला अख्खं श्रीनगर निषेधात बंद. हॉटेलवाल्यानं जादा दिवसांचे पैसे घेतले नाहीत, हात जोडून नाही म्हणाला.
त्या 26 जणांत आपल्या महाराष्ट्रातले सहा. हल्ला झाला त्या बैसरनच्या मैदानावर बंदोबस्त का नव्हता हे मला सविस्तर ऐकायचं होतं, म्हणून दोन्ही दिवस टीव्हीपुढून हलले नाही. समाधान झालं नाही. आणि त्या ड्रायव्हरसारख्यांबद्दल एकानं तरी मनापासून बोलावं असं वाटत होतं.

मंगळवेढेकरीण: मिस्टर सैन्यात. जागा सांगत नाही. 7 मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, त्यानंतर तीन रात्री बोलणं नाही. चॅनेलवाले काय वाट्टेल ते सांगत होते, हे शहर घेतलं ते शहर घेतलं, सगळं खोटं निघालं. सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका अशी सूचना सरकारनं एप्रिलमध्येच दिलेली, तरी तेच. मी टीव्हीची वायर काढून ठेवली आणि ज्वारी निवडत बसले. संसदेत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. त्या चॅनेलांवर सगळ्या पक्षांनी मिळून बोलायला हवं होतं.

पार्कचौक: ताई, आता ते कसे आहेत?

मंगळवेढेकरीण: बरे आहेत. सुट्टी मिळाली तर आषाढीला येतील.

हुरडा_पार्टी: आलो. आता कुणी सांगा, ही भाषणं लेखी कुठं मिळतात? आमच्या वाचनालयात म्हातारी मंडळी मागतात.

शेंगाचटणी: लोकसभेच्या वेबसाइटवर कामकाजाचा पूर्ण वृत्तांत असतो, तारीख टाकून शोधायचा. हिंदीतली भाषणं हिंदीतच मिळतात. प्रिंट काढणार असाल तर वडिलांसाठी एक जास्तीची काढा, 28 आणि 29 दोन्ही दिवसांची.