गावाकडे नोंद असलेल्या मुलांना शहरातल्या अंगणवाडीचा आहार कसा मिळेल?

झाडाखालची_शाळा:
पुण्याच्या कडेला एका मोठ्या बांधकामावर पुसद तालुक्यातली बंजारा कुटुंबं आली आहेत. त्यातल्या एका घराबद्दल विचारतेय. मुलगा चार वर्षांचा, मुलगी वीस महिन्यांची, आई-वडील दोघंही कामावर. मुलीचे दंड फारच बारीक दिसतात. जवळच्या अंगणवाडीत सांगितलं, "नाव गावाकडं आहे, इथं तुमचं पाकीट निघणार नाही." आईचं आधार आहे, मुलांचं नाही. केशरी रेशनकार्ड गावी सासूकडे.
नोंद इकडे कशी आणायची? मुलीचं नेमकं काय तपासायचं? आणि वडील म्हणतात, मुलाला हजार रुपये महिन्याच्या केजीत घालू. अंगणवाडीत काही शिकवतात का?

मेथीची_जुडी:
सोपं आहे. सेविकेला म्हणावं, वडिलांच्या आधारवर नवीन नोंद करा. गावचं नाव पडू दे तिकडेच.

मुख्यसेविका_पूर्व:
कृपा करून असं करू नका. एका मुलीच्या दोन नोंदी झाल्या की आधीची वजनं एका नोंदीत आणि आताची दुसऱ्या नोंदीत जातात. मग ती सहा महिन्यांत घसरली की सावरली, हे कुणालाच दिसत नाही. पुढे दुबार नोंद म्हणून नाव कापलं गेलं तर नेमकी चालू असलेली नोंद जाण्याचा धोका असतो.

पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे सेविका ज्यात नोंदी ठेवते त्या सरकारी अ‍ॅपमध्ये, स्थलांतराची सोय आहे, राज्यातल्या राज्यात आणि राज्याबाहेरही. गावच्या सेविकेने तिकडून स्थलांतर टाकायचं आणि इथल्या सेविकेने ते घ्यायचं. दोघींचं फोनवर बोलणं करून द्या. बोलताना हाताशी हवं ते असं: मुलांची नावं तिकडच्या नोंदीत लिहिली आहेत तशीच, जन्मतारखा, आईचं पूर्ण नाव, नोंदीतला मोबाइल नंबर, गावच्या अंगणवाडीचं नाव आणि ती ज्यात येते तो बालविकास प्रकल्प. बहुतेक वेळा गाडी अडते ती नावाच्या स्पेलिंगवर, नाहीतर आईचं नाव माहेरच्या आडनावाने लागलेलं असतं.

गावची सेविका कधीकधी टाळाटाळ करते, कारण नाव गेलं की तिची पटसंख्या घटते. तिच्याशी वाद घालत बसू नका. इथल्या मुख्यसेविकेला, म्हणजे सेविकांच्या पर्यवेक्षिकेला, सांगा, ती तिकडच्या मुख्यसेविकेशी बोलेल. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी राज्याने २०२२ मध्ये वेगळी ट्रॅकिंग प्रणालीच केली. तेव्हा "असं काही नसतं" हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

आता "पाकीट निघणार नाही" याचा खुलासा. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना मिळतो. १ जुलै २०२५ पासून तो देताना चेहरा पडताळणी सक्तीची आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईचा चेहरा. त्याआधी आईचं ई-केवायसी लागतं आणि त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर बहुधा नवऱ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो. खरी अडचण इथे आहे, गावात नाही. आधी नंबर बदलून घ्या. त्याला कागदपत्र लागत नाही, फक्त बायोमेट्रिक. सिमेंटच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून पोस्टमनच्या मशीनपेक्षा आधार केंद्रात जा, तिथे बुबुळांवरून ओळख पटवता येते.

मुलांचं आधार नसलं तरी आईचं चालतं, केंद्र सरकारने हे स्पष्ट केलेलं आहे.

मुलाला मात्र उद्यापासूनच बसवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार केंद्रातच मिळतो, चेहरा पडताळणी त्याला लागू नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ५: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार. भाडेकराराची मागणी त्यात कुठेच नाही.

मूठभर_शेंगदाणे:
मुलीबद्दल. दंडघेराची पट्टी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे असते. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य काढा, तिथे पेनाने खूण करा, मग हात सैल सोडून मोजा. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम. बाहीवरून मोजलं की आकडा फुगतो, पट्टी आवळली की घटतो. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये.

दंडघेर ठीक आला तरी वजन-उंची घ्यायचीच, कारण दोन्ही मापं प्रत्येक वेळी तीच मुलं पकडत नाहीत. इथे एक चूक सर्रास होते. दोन वर्षांखालच्या मुलीची लांबी झोपवून मोजायची असते. पण मूल रडतं, आडवं राहत नाही, म्हणून तिला भिंतीला उभं करतात. उभ्याने लांबी साधारण ०.७ सेंमी कमी भरते. तो फरक मिळवला नाही तर कमी उंचीला कमी वजन पुरेसं दिसतं आणि तीव्र कुपोषित मूल कागदावर मध्यम होतं. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून तळव्याला सरकती पट्टी लावायची. एकट्या सेविकेचं हे काम नाही, मदतनीस बरोबर हवीच.

दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. खड्डा राहिला तर सूज आहे, मग वजन कितीही असो, थेट रुग्णालय. मूल तीव्र कुपोषित असून भूक चांगली आणि दुसरा आजार नसेल तर ग्राम बालविकास केंद्र, म्हणजे अंगणवाडीतच चालणारे उपचार-आहार. भूक चाचणीत खात नसेल, ताप, जुलाब किंवा सूज असेल तर एनआरसी, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे साधारण दोन आठवडे आईसह राहावं लागतं. आई "रोज बुडेल" म्हणून नाही म्हणते. बुडीत मजुरीची तरतूद असते, ती दाखल होतानाच विचारा, बँक पासबुक बरोबर न्या.

आणि पाकिटाचं काय होतं ते बघा. ते महिन्याचं असतं आणि एका मुलीचं असतं, पण शिजतं सगळ्या घरासाठी, त्यामुळे आठवड्यात संपतं. रोज तिच्या वाटीपुरतंच शिजवायचं, वर चमचाभर तेल. वीस महिन्यांच्या मुलीला दिवसातून तीन जेवणं, मधे एक-दोनदा खाऊ, आणि अंगावरचं दूध चालू. जेवण दर वेळी पाऊण ते एक वाटी, वाटी पाव लिटरची धरा. वरणाचं पाणी पाजून पोट भरतं, वजन वाढत नाही. घट्ट वरणात भाकरी कुस्करून द्या. शेंगदाणे द्यायचे तर कूट करून, अख्खे कधीच नाहीत, घशात अडकतात.

लसीकरण कार्डही तपासा. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचा बूस्टर, अ जीवनसत्त्व.

पाटीपेन्सिल:
केजीचे हजार रुपये वाचवा, त्याची अंडी आणा. चार वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत एबीसीडी गिरवायला लावणं हे शिक्षण नव्हे. बोटांची पकड अजून तयार व्हायची असते.

पण अंगणवाडी म्हणजे आपोआप चांगली, असंही नाही. नाश्त्यानंतर तासभर बसून बघा. गोष्ट सांगितली जाते का? मुलं बोलतात की फक्त "हो बाई" म्हणतात? ठोकळे आणि मणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत? तारीख संपलेल्या औषधासारखं जपलेलं साहित्य अनेक ठिकाणी दिसतं.

या मुलाची घरची बोली गोरमाटी. सुरुवातीचे काही आठवडे तो गप्प राहील, त्याला मंद समजू नये. सेविकेने पाणी, पोट दुखणं, शू, घर, आई एवढे शब्द त्याच्या आईकडून लिहून घ्यावेत. वर्गीकरणाचे खेळ, म्हणजे पानं लहान-मोठी लावणं, रंगीत झाकणं वेगळी करणं, यांना भाषेची अडचण येत नाही. तिथून सुरुवात करावी.

झाडाखालची_शाळा:
धन्यवाद. आणखी एक. अंगणवाडी दीड किलोमीटरवर आहे आणि मधे हायवे. वस्तीवर सहा वर्षांखालची पन्नासेक मुलं असतील.

मुख्यसेविका_पूर्व:
मग ताई, वस्तीवरच अंगणवाडी मागा. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या ग्रामीण किंवा झोपडपट्टी वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. "पन्नासेक" लिहून चालणार नाही. यादी करा: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, खोली नंबर, किती महिने राहणार. गरोदर मातांची यादी वेगळी. पालकांच्या सह्या-अंगठे घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर तीन महिने मोजणार कुठून? उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे.

जागा हा हमखास अडणारा मुद्दा. बिल्डरकडून एक खोली, पंखा, पिण्याचं पाणी आणि शौचालय देण्याचं पत्र आधीच घेऊन अर्जाला लावा. पत्रात तारीख हवी, काम संपेपर्यंत असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर स्लॅब टाकून झाला की खोलीत सिमेंटच्या गोण्या येतात.

मेथीची_जुडी:
माझं नवीन नोंदीचं उत्तर कुणी वापरू नये. रेशनचं राहिलं होतं: केशरी कार्ड अन्न सुरक्षा योजनेत असेल तर "एक देश एक रेशन कार्ड"मुळे पुण्यातल्या दुकानात यांच्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं सासूला गावी मिळतं. कार्डाचा बारा अंकी नंबर मोबाइलमध्ये ठेवा. धाकटीचं नाव कार्डात चढलंय का ते आधी बघा, बहुतेक चढलेलं नसतं.