आसने करताना शरीराकडे लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न
नमस्कार. माझे वय ५३ आहे आणि नोकरी बैठ्या कामाची आहे. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. फिजिओथेरपीने दुखणे बरेच कमी झाले असून डॉक्टरांच्या संमतीने मी आता योगवर्गाला जाते. वर्गात 'शरीर आतून अनुभवा' असे वारंवार सांगितले जाते. मला मात्र ताण बसतो आहे किंवा दुखते आहे, यापलीकडे काहीच जाणवत नाही. ही जाणीव सरावाने येते का, आणि ती नेमकी कुठे शोधायची?

प्रतिसाद १ (योगशिक्षिका, पुणे)
ताई, जाणीव सरावाने नक्की येते, पण लक्ष कुठे न्यायचे हे शिक्षकाने सांगायला हवे. सुरुवात ताडासनाने, म्हणजे दोन्ही पायांवर सरळ उभे राहून, करा. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाचेची आतली व बाहेरची कड, या चार जागांपैकी कुठे जास्त भार आहे ते पाहा. लगेच दुरुस्ती करू नका. आधी डाव्या आणि उजव्या पायातला फरक कळू द्या. मग श्वास सोडत भार सावकाश सारखा करा. शरीराची ओळख अशा तुलनेतूनच होते, आसनात आणखी पुढे जाण्याने नाही.

पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी विटा, पट्टे, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर यांचा जो वापर रूढ केला, त्याचा मोठा लाभ हाच आहे की शरीराला आधार मिळाला की तोल सांभाळण्याची धडपड थांबते आणि लक्ष मोकळे होते. तुम्ही दोन्ही तळवे भिंतीवर कमरेच्या उंचीला टेकवा, हात सरळ होईपर्यंत मागे सरका आणि दुखणार नाही इतकेच कमरेतून वाका. उजवा खांदा कानाकडे कधी सरकतो, तो क्षण पकडा आणि तिथेच थांबा.

प्रतिसाद २ (फिजिओथेरपिस्ट)
वरील सूचनेला एक जोड देतो. या आजारात खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण जाड आणि घट्ट होते, त्यामुळे हात वर नेताना सांध्याऐवजी खांद्याचे पाते लवकर उचलले जाते आणि बरगड्या पुढे येतात. हात वर गेलेला दिसतो, पण सांधा फारसा हललेला नसतो. आरशासमोर उभे राहून दोन्ही हात हळूहळू उचलले, तर ही चोरवाट डोळ्यांना दिसते आणि पुढे आरशाशिवायही जाणवू लागते.

आसन सोडल्यावर ओसरतो तो ताण चालेल. पण सराव झाल्यावर तासन्‌तास रेंगाळणारे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर सराव कमी करून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून साखर तपासली नसेल तर अवश्य तपासून घ्या. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असल्यास शीर्षासन आणि सर्वांगासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

प्रतिसाद ३ (अनेक वर्षांपासूनची साधक)
पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, म्हणजे साधनपादाच्या ४६व्या सूत्रात, आसन स्थिर आणि सुखकर असावे असे म्हटले आणि लगेच ४७व्या सूत्रात प्रयत्न सैल करण्याचा उपाय दिला. त्यामुळे वर्गात काय ताणले जाते इतकेच नव्हे, तर विनाकारण काय आवळलेले आहे हेही पाहावे, असे मला मनापासून वाटते. जबडा, जीभ, कपाळ आणि पोट या जागा आधी तपासा. हीच तपासणी कार्यालयात संगणकासमोर केली की टंकताना श्वास अडतो आहे, मान पुढे आली आहे, हे दुखणे सुरू होण्याआधी कळते, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात योगाचा खरा उपयोग इथेच होतो.

शवासन मात्र घाईने उरकू नका. आखडलेला खांदा जमिनीवर टेकत नसेल तर तो अधांतरी राहून आवळलेलाच राहतो. त्या बाजूच्या दंडाखाली आणि कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे हाताचे वजन पूर्णपणे खाली सोडता येईल.